दहा वर्षांची अबार्थ पुंटो घेण्याआधी: थंड इंजिन, तेल आणि कात्रजचा घाट

फियाटने ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटो भारतीय बाजारात आणली, तेव्हा दहा लाखांच्या आतल्या एक्स-शोरूम किमतीत १४५ अश्वशक्तीची दुसरी हॅचबॅक मिळत नव्हती. १.४ लिटरचे टी-जेट नावाचे, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेले पेट्रोल इंजिन, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि हाताला रस्ता कळू देणारे हायड्रॉलिक स्टिअरिंग असलेली ही गाडी आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष लागू होण्याआधीच तिचे उत्पादन थांबले, त्यामुळे आज ज्याला ती हवी आहे त्याला जुनीच घ्यावी लागते. माझ्या भाच्याला ती हवी होती. त्याच्यासाठी आम्ही पुण्यात दोन गाड्या तपासल्या, एक नाकारली आणि एक घेतली. त्या तपासणीतून या गाडीविषयी माझे जे मत झाले, ते येथे लिहीत आहे.

पहिली गाडी वाकडला एका व्यापाऱ्याकडे होती. आम्ही सकाळी आठची वेळ ठरवली होती आणि येईपर्यंत इंजिन चालू करू नये, असे आदल्या दिवशी दोनदा सांगितले होते. तरीही पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवला, तर ते चांगलेच कोमट लागले. ‘गाडी धुवायला बाहेर काढली होती’ असे कारण मिळाले. ते खरेही असेल. पण टर्बो गाडीचे बरेचसे दोष रात्रभर थंड झालेल्या इंजिनाच्या पहिल्या दोन मिनिटांतच दिसतात, आणि ती दोन मिनिटे आमच्या हातून गेली होती. ऑइल फिलरचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या बाजूला काळा, डिंकासारखा चिकट थर दिसला. सर्व्हिसची बिले नव्हती, ओडोमीटर मात्र केवळ ४१,००० किलोमीटर दाखवत होते. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारे यंत्र) लावला, तर एकही एरर कोड नव्हता. परंतु प्रदूषण नियंत्रण यंत्रणेच्या स्वयंचाचण्या बहुतेक ‘अपूर्ण’ दिसत होत्या. कोड नुकतेच पुसले किंवा बॅटरी काढून जोडली, की असे होते. एवढ्यावर आम्ही गाडी चालवून न पाहताच परत फिरलो.

तेलावर मी इतका भर का देतो, ते थोडे सविस्तर सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत असतो. एका बाजूला लालबुंद होण्याइतका तापलेला एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आणि मध्ये तेवढे तेल, अशी ही रचना आहे. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केले, तर त्या जागी अडकलेले तेल जळून त्याची काजळी धरते. तेल वेळेवर बदलले नाही, तर तीच काजळी बारीक तेलनळीत साचते आणि बेअरिंगला तेल कमी पडू लागते. म्हणून जुन्या टर्बो गाडीत किती किलोमीटर झाले यापेक्षा तेल कधी, कोणते आणि किती वेळा बदलले हा प्रश्न मी आधी विचारतो, आणि उत्तर बिलावर लिहिलेले असावे असा आग्रह धरतो.

दुसरी गाडी सहकारनगरला तिच्या पहिल्या मालकांकडे होती. ६८,००० किलोमीटर चाललेली ती गाडी एका निवृत्त अभियंत्यांची होती. त्यांनी प्रत्येक बिल तारखेनुसार फाइलला लावले होते आणि गाडी रात्रभर बंद ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झाले. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज दोन-तीन सेकंदांत थांबला. मी सायलेन्सरच्या मागे उभा राहिलो आणि भाच्याला इंजिन पाच मिनिटे आयडलवर ठेवून मग एकदम रेस द्यायला सांगितले. अशा वेळी निळसर धूर आला, तर टर्बोचे किंवा व्हॉल्व्हचे सील तेल सोडत आहेत असे समजावे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर कूलंट जळत असल्याची शंका घ्यावी आणि हेड गॅस्केट तपासावे. येथे दोन्ही नव्हते.

त्यानंतर मालकांच्या संमतीने गाडी आमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर चढवली. मालकांनी ही परवानगी खळखळ न करता दिली, याला मी तपासणीचाच एक भाग मानतो. मेकॅनिकने टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप काढून कॉम्प्रेसरचे चाक बोटांनी हलवून पाहिले. आडवा किंचित खेळ चालतो. दांड्याच्या दिशेने पुढे-मागे खेळ मात्र अजिबात जाणवता कामा नये. पात्यांच्या कडा शाबूत होत्या. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये तेलाचा पातळ ओलावा होता, तेवढा या वयाला क्षम्य आहे. तेल साचलेले असते तर आम्ही थांबलो असतो. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आतच होते. पुढच्या डाव्या सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे रबरी बुश फाटलेले निघाले, आणि पुण्यातले खड्डे लक्षात घेता जमिनीपासून केवळ १५५ मिलिमीटर उंच असलेल्या गाडीत त्याचे आश्चर्य वाटले नाही. उजव्या मागच्या दाराला रंग पुन्हा मारलेला होता, पण पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली नव्हती, आणि मालकांनी ते आम्ही विचारण्याआधीच सांगितले होते.

खरी परीक्षा रस्त्यावर होते. गर्दीतल्या सातारा रस्त्यावर ही गाडी काहीच सांगत नाही, म्हणून आम्ही ती कात्रज चौकापुढे जुन्या घाटाने बोगद्यापर्यंत नेली. चौथ्या गिअरमध्ये, २,००० आरपीएमच्या आसपास, चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएम भरभर वाढले आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. इंजिनाची ताकद कोणी रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलून, वाढवली असेल, तर क्लचचा हा दोष हमखास येथेच उघडा पडतो. रीमॅप केलेली गाडी मी सरसकट वाईट म्हणत नाही, पण विकणारा ती गोष्ट लपवत असेल तर त्याने आणखी काय लपवले, याचा शोध घेण्यात आयुष्य घालवण्यापेक्षा दुसरी गाडी पाहावी. सहकारनगरची गाडी मूळ स्थितीत होती. २,००० आरपीएमच्या खाली ती सुस्त वाटते, हा या इंजिनाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. त्यानंतर मात्र ती एका दमात उचलते, आणि कुठेही शिट्टीसारखा किंवा हवा फसफसल्यासारखा आवाज आला नाही. तो आला असता, तर होजला चीर किंवा क्लॅम्प सैल असल्याची खूण ठरली असती. वळणांवर स्टिअरिंग जितके बोलके होते, तितके आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांत मला क्वचितच आढळले आहे.

आतल्या सजावटीवर मी वेळ घालवला नाही. एसी थंड हवा देतो, सीट शाबूत आहेत. टायरवरील चार आकडी तारखेनुसार ते सहा वर्षांचे झाले होते, म्हणून १९५/५५ आर १६ मापाच्या नव्या चार टायरचा खर्च हिशोबात धरला.

फाइलमध्ये एकच बिल सापडले नाही, ते टायमिंग बेल्टचे. तो मूळचाच होता. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, त्यामुळे किलोमीटर कमी असले तरी दहा वर्षे जुना बेल्ट जोखमीचाच असतो. बेल्ट, टेन्शनर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप असा एकत्र खर्च आम्ही मालकांपुढे मांडला आणि त्यांनी तेवढी रक्कम किमतीतून कमी केली. सुट्या भागांसाठी भाचा आधी नाना पेठेत फिरला. इंजिनाचे बरेच भाग फियाटच्याच लिनिया टी-जेट या गाडीशी मिळतेजुळते असल्याने ते मिळवता येतात. बाहेरचे भाग आणि अबार्थच्या विंचवाचे चिन्ह असलेली अलॉय चाके यांसाठी मात्र बराच शोध घ्यावा लागतो. त्यामुळे बाहेरून ठोकलेली अबार्थ, इंजिन कितीही उत्तम असले तरी, मी घेऊ नये असे सांगेन.

कागदपत्रांत परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर थकीत ई-चलन नव्हते. बँकेच्या कर्जाचा बोजा मात्र आरसी बुकावर तसाच होता. कर्ज सहा वर्षांपूर्वीच फिटले होते, पण फॉर्म ३५ भरायचा राहून गेला होता. बँकेचे ना-हरकत पत्र आणून बोजा उतरेपर्यंत आम्ही केवळ टोकन रक्कम दिली, आणि मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्यानंतरच उरलेले पैसे दिले.

गाडी घेऊन आता दोन महिने झाले. काढलेल्या टायमिंग बेल्टच्या एका कडेचे तंतू सुटू लागलेले मेकॅनिकने आम्हाला दाखवले. नवे तेल घातल्यापासून १,५०० किलोमीटर झाले आहेत, आणि भाचा दर रविवारी सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक पाहतो. पातळी अजून वरच्या खुणेपासून नखभरच खाली आहे.