जिनिंगच्या गोडाऊनमधलं गाणं: ब्लूजला तिकीट, वहीला फुकट

जळगावला गावाबाहेर एका जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, गोडाऊनमध्ये गाण्याचे कार्यक्रम होतात, हे एव्हाना बऱ्याच जणांना माहीत झालंय. दिवाळीनंतरचं पत्रक परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. आधी वहीगायन, म्हणजे आपल्या खान्देशातलं अहिराणी बोलीतलं डफावरचं लोकगाणं, मग अमेरिकेतला ब्लूज, आणि थंडी पडली की एकाच रात्री नंदुरबारकडची पावरी आणि पश्चिम आफ्रिकेतला कोरा, ही दोन वाद्यं. मागचा हंगाम मी भुसावळहून रेल्वेने ये-जा करून ऐकलाय. जाऊ का नको विचारणाऱ्यांनी खुशाल जावं. फक्त कुठे बसायचं आणि किती वाजता पोचायचं, तेवढं ऐकून घ्या.

बसायचं पुढे, सतरंजीवर. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पाठीला बऱ्या, पण तिथे वर पत्रा आहे आणि आवाज इतका घुमतो की बोल कळत नाहीत. भिंतीवरचे पंखे घरघरतात ते वेगळंच. माइकवाला पोरगा मात्र कानाचा तयार आहे. आपल्याकडे लग्नात डीजेवाल्याने छातीत धडधड आणली की पैसे वसूल समजतात. हा गडी वाद्याच्या पुढे एक माइक लावतो, आवाज बेताचा ठेवतो आणि मग बटणांशी खेळत बसत नाही.

ब्लूजची रात्र मागच्या हंगामात सगळ्यांत रंगली. एक गिटारवाला, एक हार्मोनिकावाला, बस्स. गिटारवाल्याने करंगळीत काचेची नळी घातली होती. ती तारांवर घसरली की सूर तुटत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत जातो. मींड ऐकायची सवय असलेल्याला हे लगेच भिडतं. गाण्याची ठेवणही सोपी: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर. खाली बारा बारचं, म्हणजे ठेक्याच्या बारा घरांचं, चक्र फिरत राहतं. भजनाला टाळ धरणारा माणूस दुसऱ्या गाण्याला ते पकडतो. माझ्या शेजारचे काका पकडत होते, मांडीवर.

निवेदकाने मात्र ‘दुःखाचं संगीत, वेदनेचं संगीत’ करून डोकं उठवलं. अरे, जिथे उभा आहेस ती जागा बघ ना! अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीकडे, कपाशीच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या लोकांमधून हे गाणं वर आलं. 1861 ते 1865 तिकडे यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे तोंड वळवलं. खान्देशात भाव कडाडले. रेल्वेही त्याच सुमारास आली. जिनिंगच्या छपराखाली ब्लूज चाललाय आणि कापसाबद्दल चकार शब्द नाही!

आता तक्रार. ब्लूजला अडीचशे रुपये तिकीट, आणि कार्यक्रम सांगितल्या वेळेला सुरू. वहीगायनाला प्रवेश फुकट, आणि कलाकार स्टेजवर बसल्यावर तासभर सत्कार. शाल, नारळ, नगरसेवकांचं मनोगत, ‘आपली लोककला जपली पाहिजे’. धुळ्याकडून टेम्पोने आलेली म्हातारी माणसं डफ मांडीवर घेऊन ते ऐकत बसलेली. शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘गाऊ द्या ना भो त्यास्ले!’’ हशा पिकला, पण भाषण काही आवरलं नाही. आणि वही रंगात येते ती रात्र चढल्यावर. कानबाई या खान्देशातल्या देवीच्या उत्सवाच्या रात्री गावात ज्याने ऐकलीय त्याला हे सांगायला नको. इथे दहाला माइक बंद करावा लागतो, म्हणजे सत्काराचा तास थेट गाण्यातून कापला गेला. फुकट ठेवलं म्हणून उपकार झाले असं आयोजकांना वाटत असेल. मला वाटतं, तिकीट लावा, अडीचशेच लावा, आणि ते पैसे त्या पथकाला द्या. अहिराणी कळणारा माणूस पैसे देणार नाही, हे कुणी ठरवलं?

पावरी आणि कोऱ्याची जोडी ज्याने जुळवली त्याला मानलं. दोन्हींच्या पोटात भोपळा. पावरीचा वाळका दुधी फुंकीने बोलतो, वाजवणारा गाल फुगवून दम न तोडता वाजवत राहतो आणि पोरं फेर धरतात. कोऱ्याचा भोपळा मोठा, अर्धा कापून त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, आणि त्यावरून 21 तारा. त्या छेडायला दोन्ही हातांचे अंगठे आणि त्यांच्या शेजारचं एकेक बोट, एवढंच. आवाज नाजूक असतो, म्हणून त्या रात्री पंखे बंद ठेवा अशी आधीच विनंती करून ठेवतो. पावरीला आधी बसवून कोऱ्याला ‘मुख्य आकर्षण’ करू नका, हीदेखील.

खाण्याचं थोडक्यात: चहा पाणचट. भरीत-भाकरीचा स्टॉल झकास, पण मध्यंतरात रांग लागते, तेव्हा आधीच खाऊन घ्या. दुचाकी आत लागते, चारचाकी रस्त्यावर. भुसावळवाल्यांनी परतीच्या गाडीची वेळ बघूनच तिकीट काढावं, कारण ब्लूजवाले ‘अजून एक’ म्हटलं की नाही म्हणत नाहीत. वहीगायनाला पत्रकातल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा पोचलात तरी चालेल. सत्कार तेवढा चुकेल.