आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ (३६० मिमी) : नाशिकच्या उन्हाळ्यात कितपत कामाचा?

आर्क्टिकचा हा लिक्विड कूलर, म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर गार ठेवणारा संच, घेण्याआधी प्रोसेसरच्या वॅटचा आकडा बघा. इंटेल कोर आय९-१४९००के पूर्ण लोडवर २५३ वॅटपर्यंत जातो, रायझन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत. अशा मशीनवर रोज तासन्‌तास रेंडरिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग होत असेल तर इथे पैसे वसूल आहेत. रायझन ७ ७८००एक्स३डीवर नुसते गेम खेळायचे असतील तर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा एअर कूलर निम्म्याहून कमी पैशांत भागवतो. त्याला कॅबिनेटमध्ये १५५ मिमी उंचीची जागा तेवढी लागते.

कोणताही लिक्विड कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ७२ वर स्थिरावत असेल, तर मेच्या दुपारी खोली ३६ वर गेली की त्याच कामाला तो साधारण ८८ दाखवणार. हिवाळ्यात जुळवलेली मशीन उन्हाळ्यात बिघडल्यासारखी वाटते ती यामुळे. बहुतेक वेळा तिला काहीही झालेलं नसतं. म्हणून तपमान लिहून ठेवताना शेजारी खोलीचंही लिहा आणि दोन्हींतला फरक बघा. तो फरक वाढत गेला तरच काळजी. टेस्टही किमान अर्धा तास चालवावी, कारण आतलं पाणी तापायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. पहिल्या दोन मिनिटांचा आकडा कुठल्याही कूलरचा चांगलाच येतो.

पाणी बाहेरच्या हवेपेक्षा गार होत नसल्याने नळ्यांवर दव धरण्याची भीती नाही. पाण्याच्या डेझर्ट कूलरचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओलसर हवेत धूळ रेडिएटरच्या (पाणी गार करणाऱ्या जाळीच्या) पातळ पट्ट्यांना चिकटून बसते आणि मग ब्लोअरनेही सुटत नाही.

आता मापं. नेहमीचा रेडिएटर २७ मिमी जाड असतो, हा ३८ मिमी आहे. लांबी ३९८ मिमी. पंख्यांचे २५ मिमी धरले की एकूण जाडी ६३ मिमी होते. बरीच कॅबिनेट ‘३६० सपोर्ट’ (१२० मिमीचे तीन पंखे ओळीने) असं लिहितात ते ५२ मिमी गृहीत धरून. वरच्या जाळीपासून मदरबोर्डच्या वरच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा. ६३ मिमी नसतील तर उंच हीटसिंकची रॅम किंवा मदरबोर्डवरची आठ पिनची वायर पंख्याला अडते. इंटेलच्या जुन्या एलजीए १२०० सॉकेटला (प्रोसेसर बसतो त्या जागेला) हा संच बसतच नाही. इंटेलचे एलजीए १७००, १८५१ आणि एएमडीचे एएम४, एएम५ एवढेच चालतात.

पंखे रेडिएटरवर आधीच बसवलेले येतात, वायरीही आतून फिरवलेल्या असतात. बसवणाऱ्याचा यात खरोखर वेळ वाचतो. एएम५वर काम सोपं आहे: प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट काढा, मागची प्लेट जागेवरच राहते. एएम४वर ती सुटून पडते, तेव्हा मागून हात धरा. इंटेलवर प्रोसेसर दाबून धरणारं मूळ लॅच पूर्ण काढून सोबतची कॉन्टॅक्ट फ्रेम (त्याच कामाची चौकट) लावावी लागते. टॉर्क्स टी-२० बिट जवळ ठेवा, बोर्ड आडवा ठेवूनच काम करा आणि स्क्रू तिरपे-समोरासमोर, थोडेथोडे आवळा. एका बाजूने जास्त दाब पडला की एका चॅनलची रॅम दिसेनाशी होते किंवा मशीन चालूच होत नाही. असं झालं तर रॅम बदलायला धावण्याआधी फ्रेमचे स्क्रू पाव फेरा सैल करून बघा. प्रोसेसर आणि कूलरमध्ये लावायची थर्मल पेस्ट म्हणून एमएक्स-६ची ०.८ ग्रॅमची सिरिंज सोबत मिळते. एकदा लावायला ती पुरते.

रेडिएटर छताला लावणं सर्वांत चांगलं. समोर लावायचा असेल तर त्याचं वरचं टोक प्रोसेसरवर बसणाऱ्या पंपाच्या वर आलंच पाहिजे. या बंद संचात थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपाची निघाली तर गुरगुर ऐकू येते, पंप कोरडा चालून लवकर झिजतो. रेडिएटर तळाला लावू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी.

दोन प्रकारच्या केबल मिळतात. एकाच कनेक्टरची केबल सोयीची, पण तिच्यात पंप आणि पंखे एकाच सिग्नलवर चालतात. तीन कनेक्टरची घ्या. पंप मदरबोर्डच्या पंप हेडरला (पिनांच्या जोडणीला) लावून एका वेगावर स्थिर ठेवा आणि पंखे सीपीयू फॅन हेडरला द्या. ते हेडर मोकळं राहिलं तर बऱ्याच बोर्डांवर सुरू होतानाच फॅन एरर येते. पंख्यांना बायोसमध्ये काही सेकंदांचा विलंब द्या, नाहीतर ब्राउझर उघडला तरी आवाज चढउतार करतो. पंपाजवळचा व्हीआरएमचा (मदरबोर्डवरून प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागाचा) छोटा पंखा उपयोगी आहे, पण त्यासाठी म्हणून हा संच घेण्यासारखा नाही.

गळतीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. याच कंपनीच्या आधीच्या लिक्विड फ्रीझर २मध्ये काही नगांचं गॅस्केट सदोष निघालं होतं आणि २०२२मध्ये कंपनीने त्यासाठी मोफत सर्व्हिस किट दिलं. जुना नग कुणी स्वस्तात देत असेल तर ते काम झालंय का, हे आधी विचारा. लिक्विड फ्रीझर ३ला ६ वर्षांची वॉरंटी आहे. गळती झाली नाही तरी नळ्यांतून पाणी अगदी हळू झिरपून कमी होतच असतं, त्यामुळे वॉरंटी संपत आली की बदलाचा विचार करावा. नाशिकच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि नग बदलायचा झाला तर कुरिअरचा खर्च कोणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा.

दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.