दम्याच्या पुड्या घेणाऱ्यांच्या घरच्यांसाठी

कपाशीची वेचणी सुरू झाली की आमच्या पारोळा, एरंडोल, अमळनेर भागात दम्याच्या पुड्या विकणारे पुन्हा फिरू लागतात. माझ्या आईने त्या पुड्या घेतल्या आणि त्यात तिचा जीव जाता जाता राहिला. गावात अजूनही काही घरांत तसल्याच पुड्या चालू आहेत. ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आईला दमा जुनाच. बाराही महिने सकाळी उठल्या उठल्या शिंका आणि नाक बंद. खरा त्रास मात्र दसऱ्यापासून. पाऊस उघडलेला असतो, बांधावर गाजरगवत फुललेलं असतं, पहाटे दव पडतं आणि वेचलेला कापूस आमच्याकडे पुढच्या खोलीतच भरून ठेवतात. भाव वाढेल म्हणून तो संक्रांतीपर्यंत तिथेच राहतो. रात्री तीन-चारच्या सुमाराला आई उठून बसायची, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेला निळा पंप ती मारायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, चार-पाच तासांनी पुन्हा तेच. त्यामुळे ‘पंपाने दमा जात नाही, नुसती सवय लागते’ हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. पुड्या विकणाऱ्या माणसाने नेमका याचाच फायदा घेतला.

कोजागरीला खिरीतून दम्याचं औषध देण्याची पद्धत आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे. हा माणूसही कोजागरीलाच आला. पहिला डोस फुकट दिला, तोही चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून. जडीबुटी सातपुड्यातली, घराण्यात सात पिढ्यांची विद्या, असं सांगितलं. नाडी पाहून म्हणाला, ‘मावशी, दमा मुळासकट काढून देतो, पण पंप आजपासून बंद. पंप चालू ठेवला तर माझं औषध लागू पडणार नाही.’ दही, केळी, आंबट वर्ज्य. महिन्याच्या पुड्यांचे २,८०० रुपये. त्या पैशाची पावती आईने मागितली, तर म्हणाला, देवाच्या औषधाची पावती नसते.

पुड्यांनी आराम पडला, तोही दोन-तीन दिवसांत. आई फोनवर म्हणाली, ‘ताई, आते माले दम लागत नही, झोप बी चांगली लागस.’ तिचा आवाज इतका मोकळा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. शेजारच्या काकूंनी तिचं पाहून गुडघ्यांसाठी त्याच माणसाकडून औषध आणलं, त्यांच्या जावेने अंगावरच्या खाजेसाठी आणलं. तिघींनाही गुण आला. तिघींच्या पुड्या एकाच रंगाच्या, एकाच कडवट चवीच्या. दमा, गुडघे आणि खाज या तिन्हींवर दोन दिवसांत उतारा देणारं एकच चूर्ण कुठे मिळालं, तर तिथेच संशय घ्या. सूज आणि ॲलर्जी तात्पुरती दाबून टाकणारं औषध म्हणजे स्टेरॉइड, आणि गोळी कुटून चूर्णात मिसळली की ती दिसतही नाही.

पौषात मी माहेरी गेले तेव्हा बायका आईला म्हणत होत्या, ‘माय, तब्येत चांगली सुधरनी.’ चेहरा गोल झाला होता, गाल लालसर. भूक इतकी वाढली होती की दोन जेवणांच्या मधे ती भाकरी-मिरची घेऊन बसायची. पण ती कढई घासायला बसली तेव्हा मी जवळून पाहिलं. चेहरा आणि पोट भरलेलं, हातपाय मात्र काडीसारखे. मनगटावर जिथे बांगडी घासते तिथे निळे-जांभळे डाग, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. आणि उठताना तिने आधी हात जमिनीला टेकला, मग गुडघ्यावर रेटा दिला, तरी उठता येईना. शेवटी मी धरून उठवलं. वय झालं, असं ती म्हणाली. तीन महिन्यांत एवढं वय होत नाही.

मी तिला धुळ्याला दाखवायचं ठरवत होते, तेवढ्यात पुड्या संपल्या. तो माणूस ठरल्या दिवशी आलाच नाही, फोन बंद. दोन दिवसांत आईला उलट्या सुरू झाल्या, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि सोबत दम्याचा मोठा अटॅक. भावाने रात्रीच गाडी करून धुळ्याला आणलं. रक्तदाब खाली गेलेला, साखर तीनशेच्या वर. आईला साखरेचा त्रास कधीच नव्हता.

डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे आणि मनगटांकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आजी, कुणाच्या पुड्या घेता का?’ नंतर त्यांनी जे समजावलं ते मी कधी विसरणार नाही. आपल्या मूत्रपिंडांवर ॲड्रिनल नावाच्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करतात. बाहेरून महिनोन्‌महिने स्टेरॉइड मिळत राहिलं की या ग्रंथी काम थांबवतात. मग ते स्टेरॉइड एकदम बंद झालं तर शरीरात काहीच उरत नाही, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो. आईचं सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं, जवळजवळ नव्हतंच. उरलेल्या एका पुडीची तपासणी करून घेतली, त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं.

डॉक्टरांना त्यावरही तिला स्टेरॉइडच्या गोळ्याच द्याव्या लागल्या, आणि त्या हळूहळू, काही महिने घेत कमी करत आणाव्या लागल्या. म्हणून आधीच सांगते: तुमच्या घरात कुणी अशा पुड्या घेत असेल तर हे वाचून त्या रागाने फेकून देऊ नका. पुड्या तशाच घेऊन डॉक्टरांकडे जा, किती महिने चालू आहेत ते सांगा, आणि बंद कशा करायच्या ते त्यांना ठरवू द्या.

मला सगळ्यात जास्त चीड याची येते की आईला पंप सोडायला लावताना तो म्हणाला होता, ‘पंपात स्टेरॉइड असतं.’ असतं, खरं आहे. दमा आटोक्यात ठेवणाऱ्या रोजच्या पंपात बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असतं, एका दाबाला साधारण २०० मायक्रोग्रॅम. अटॅकच्या वेळी डॉक्टर प्रेडनिसोलोनची २० मिलिग्रॅमची गोळी देतात तेव्हा ते २०,००० मायक्रोग्रॅम होतात. शिवाय पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत जातं, रक्तात अगदी थोडं उतरतं. पुडीतलं सगळं पोटातून अंगभर जातं, आणि किती जातं ते कुणी मोजलेलंही नसतं.

निळा पंप आकसलेली नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, आतली सूज तशीच राहते. म्हणून तर आईला पुन्हा पुन्हा त्रास व्हायचा. दम्याच्या उपचाराची जगभर वापरली जाणारी ‘जिना’ ही मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून सांगतात की मोठ्या माणसांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच. आईला हे आधी कुणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं. आता ती रोजचा पंप स्पेसर (पंपाच्या तोंडाला लावायचं नळकांडं) लावून घेते: आधी हलवायचा, श्वास सोडायचा, मग दाबून सावकाश आत ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा, नंतर चूळ भरायची. चूळ भरली नाही तर तोंड येतं.

अशा माणसांचं फावतं त्याला आणखी एक कारण आहे. हंगामी दमा माघ लागेपर्यंत बहुतेकांचा आपोआपच उतरतो. कापूस विकला जातो, गाजरगवत वाळतं, दव कमी होतं. श्रेय पुडीला मिळतं. गहू-हरभऱ्याचं मळणीयंत्र सुरू झालं की पुन्हा दम लागतो, तेव्हा ‘पथ्य मोडलं असेल’ म्हणायला तो मोकळा.

कायद्याचंही सांगते. औषधे नियम, १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या ‘जे’ अनुसूचीत जे आजार बरे करण्याचा दावा औषधाबाबत करता येत नाही त्यांची यादी आहे आणि त्यात दमा आहे. आयुर्वेदिक औषधावरसुद्धा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापलेले असावेच लागतात. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेल्या पुडीवर यातलं काही नसतं. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, सोबत तपासणीचा अहवाल आणि त्या माणसाचा फोन नंबर जोडला आहे.

यंदा कापूस पुढच्या खोलीत ठेवू दिला नाही, भावाशी त्यावरून दोन दिवस वाद झाला. आईच्या गोधड्या गरम पाण्यातून काढून उन्हात टाकतो, कारण धुळीतले किडे तिथेच वाढतात आणि बारमाही शिंका त्यांच्यामुळेच येत होत्या. दमा आटोक्यात आहे. साखरेची गोळी मात्र चालू आहे, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू धरला आहे, त्याची तारीख घ्यायची आहे. शेजारच्या काकूंना मी स्वतः धुळ्याला नेलं, त्यांच्या पुड्या आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी होत आहेत. त्यांची जाऊ अजून ऐकत नाही.