कोरलची फाईल, व्हॉट्सपचे फोटो आणि श्रीलिपीतला मजकूर : सांगलीत वेबसाईट बनवणाऱ्याला खरंच कामी येणारी टूल्स

यूट्यूबवर 'वेब डिझायनरसाठी दहा भारी टूल्स' असले व्हिडिओ बघितले की हसू येतं, कारण त्यात सगळं मटेरियल क्लायंटकडून नीटनेटकं आलंय असं धरूनच चाललेलं असतंय, लोगो व्हेक्टरमधे (म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणारा), फोटो स्टुडिओतले, मजकूर वर्डमधे टाईप केलेला. सांगलीत येऊन बघा म्हणावं एकदा. मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी, तासगावचा बेदाणेवाला, मिरजेत तंबोरे बनवणारे कारागीर, विश्रामबागेतले क्लासवाले, ह्या लोकांच्या साईटी बनवून माझं घर चालतंय आणि पहिल्या फटक्यात नीट फाईल देणारा क्लायंट विरळाच. डिझाईन करायला वेळ लागतच नाही, वेळ जातो तो आलेला माल वापरण्यालायक करण्यात. त्यामुळं टूलला मार्क देताना माझी परीक्षा एकच, क्लायंटनं पाठवलेला पसारा हे किती पटकन आवरून देतंय. बाकी त्यात एआय आहे का, दिसायला कसं आहे, ते नंतर.

सगळ्यात आधी फोटोपी, फोटोशॉपसारखं चित्रं एडिट करायचं टूल. "अण्णा लोगो पाठवा" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "लोगो फ्लेक्सवाल्याकडं असंल बघ, त्याला फोन कर". फ्लेक्सवाला बिचारा लगेच पाठवतो पण पाठवतो ती कोरलड्रॉची सीडीआर फाईल, कारण आपल्याकडं फ्लेक्स, लग्नपत्रिका, पावतीपुस्तक, पिशव्यांची छपाई सगळं कोरलवरच चालतंय. आता एका लोगोसाठी मी कोरल विकत घेणार आहे का, आणि क्रॅक टाकून क्लायंटच्या फाईली असलेल्या लॅपटॉपचं वाटोळं करून घेणार आहे का. फोटोपी ब्राउझरमधेच उघडतं, इन्स्टॉल काही करायचं नाही, लॉगिनसुद्धा लागत नाही, आणि फोटोशॉपची पीएसडी, इलस्ट्रेटरची एआय, पीडीएफ, सीडीआर असलं बरंच काही खातंय. इव्हान कुत्स्किर नावाच्या एका माणसानं हे 2013 पासून उभं केलंय आणि किती वर्षं तो एकटाच कोड लिहीत होता. आम्ही एकट्यानं धंदा करणारे म्हणून असेल, पण मला ह्या गोष्टीचं फार कौतुक आहे.

फाईल त्यांच्या सर्व्हरवर जात नाही, तुमच्याच मशीनवर सगळं होतं. क्लायंटचं नवीन पॅकिंगचं डिझाईन बाजारात यायच्या आधी आपल्याकडं असतंय, तेव्हा हे महत्त्वाचं आहे. उणं काय तर सीडीआर दरवेळी जशीच्या तशी उघडत नाही, विशेषतः अक्षरं तशीच ठेवलेली असतील आणि तो फॉन्ट आपल्याकडं नसेल तर 'श्री गणेश ट्रेडर्स'चं काहीतरी भलतंच होतंय. त्यावर उपाय सोपा आहे, फ्लेक्सवाल्याला सांगायचं "दादा, कन्व्हर्ट टू कर्व्ह करून पीडीएफ पाठवा", म्हणजे अक्षरांचे नुसते आकार होतात आणि फॉन्ट लागत नाही. त्यांना हे रोजचं आहे, दोन मिनिटात करून देतात. मग फोटोपीत उघडायचं, मागचा पांढरा चौकोन काढायचा आणि एसव्हीजी नाहीतर पारदर्शक पीएनजी काढायची. एक काळजी घ्या, काम मधेच सोडून टॅब बंद करायचा असेल तर आधी पीएसडी म्हणून सेव्ह करा, क्लाउडवर आपोआप जातंय असं समजून बसू नका. फुकट वापरलं तर उजवीकडं जाहिरातींची पट्टी असते, तिच्याबद्दल शेवटी बोलतो.

दुसरं स्क्वूश, आणि हे माझं सगळ्यात लाडकं. गुगलच्या क्रोम टीमनं 2018 ला काढलेलं फोटो लहान करायचं टूल, फुकट, ओपन सोर्स, एकदा पेज उघडलं की नेट गेलं तरी चालतंय. पावसाळ्यात आमच्याकडं नेटचा काय भरवसा नसतो त्यामुळं ह्याची किंमत मला जास्त. फोटो टाकला की मधे एक उभी रेघ येते, डावीकडं मूळ फोटो, उजवीकडं दाबलेला, रेघ बोटानं सरकवत बसायचं आणि खाली केबीचा आकडा बघायचा. बास, एवढंच.

पण ह्या रेघेचं महत्त्व हळदीचा फोटो टाकल्याशिवाय कळत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळं प्रत्येक व्यापाऱ्याला होमपेजवर पहिल्यांदा ते पाहिजे असतंय आणि त्याच्या मागं राजापुरी हळदीच्या पावडरीचा मोठ्ठा फोटो. पावडर हा फार वाईट विषय आहे. सगळीकडं बारीक बारीक कण, प्रत्येकावर वेगळा उजेड, आणि जेपीईजी असले कणच आधी मारतंय. क्वालिटी 50 वर आणली की कण जाऊन नुसता पिवळा डिस्टेंपर लावल्यासारखं दिसतंय, आणि बाहेरच्या राज्यातला खरेदीदार तेवढ्या फोटोवरच ठरवतो की माल चांगला आहे का रंग मिसळलाय. मी रेघ बरोबर ढिगाच्या कडेवर आणतो, जिथं उजेड आणि सावली भेटते तिथं, कारण आधी तिथंच बिघडतंय. 75 ते 80 च्या मधे कुठंतरी कण शाबूत राहतात. आधी फोटोची रुंदी 1200 पिक्सेलवर आणायची, मग वेबपी फॉरमॅटमधे सेव्ह करायचं, चार-पाच एमबीचा मोबाईलचा फोटो बहुतेक वेळा दीडदोनशे केबीत बसतो. हळकुंडाचा फोटो मात्र खुशाल अजून दाबा, त्याच्या आडव्या रेघा कमी क्वालिटीतही टिकून राहतात. बेदाण्याला सुरकुत्या असतात, ते दोन्हीच्या मधलं प्रकरण. एव्हीआयएफ फॉरमॅट अजून लहान होतोय पण तयार व्हायला वेळ घेतोय आणि जुन्या आयफोनवर दिसत नाही, त्यामुळं मी वेबपीवरच थांबलोय.

तोटा एकच, एका वेळी एकच फोटो. चाळीस प्रॉडक्ट असलेलं दुकान असेल तर कंटाळा येतो, मग ते फोटो सरळ टायनीपीएनजीवर टाकायचे, तिथं एकदम ढीगभर जातात, फक्त ते त्यांच्या सर्व्हरवर अपलोड होतात हे डोक्यात ठेवा. आणि हो, कुठलंही टूल वापरा, क्लायंटला फोटो व्हॉट्सपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला शिकवा. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सपनं आधीच दाबलेला असतो, मग स्क्वूश तरी काय करणार.

आता मजकूर. इथं मला पूर्ण समाधान देणारं टूल सापडलेलं नाही हे आधीच सांगतो. जुन्या संस्था, पतसंस्था, शाळा ह्यांची माहितीपत्रकं श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमधे पेजमेकरवर बसवलेली असतात, त्यातला मजकूर कॉपी करून ब्राउझरमधे टाकला की डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ऑनलाईन कन्व्हर्टर भरपूर आहेत, फुकट आहेत, नव्वद टक्के काम करतात आणि उरलेल्या दहा टक्क्यात जीव घेतात. जुन्या फॉन्टमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, आज वेबवर चालणाऱ्या युनिकोडमधे ती नंतर येते, आणि जोडाक्षर आलं की कन्व्हर्टरला ती कुठं सरकवायची कळत नाही. मग 'स्थिती'चं 'स्िथती' होतं. रफाराचंही तसंच. जुन्या मराठी साईटींवर हे अजून दिसतंय बघा.

त्यामुळं माहितीपत्रक छापील असेल तर मी आजकाल कन्व्हर्टरच्या नादाला लागतच नाही. स्वच्छ उजेडात स्कॅन करतो, गुगल ड्राईव्हवर टाकतो आणि राईट क्लिक करून गुगल डॉक्समधे उघडतो, ते चित्रातला मराठी मजकूर ओळखून खाली टाईप करून देतंय, फुकटात. वेलांट्या बरोबर येतात. आकडे मात्र एकेक तपासायचे, ठेवींचे व्याजदर आणि फोन नंबर तर दोनदा.

फॉन्टसाठी गुगल फॉन्ट्स आणि त्यात पण मुक्ता. मुंबईच्या 'एक टाईप' नावाच्या फॉन्टवाल्यांनी बनवलाय, सात वेट (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) आहेत, धंद्यासाठी वापरायला पैसे नाहीत. मी त्यातले 400 आणि 700 दोनच घेतो, कारण देवनागरी फॉन्टमधे जोडाक्षरं असल्यामुळं फाईल इंग्रजीपेक्षा जड असते. संस्थेची, पुस्तकाची, जरा घरंदाज दिसायला पाहिजे अशी साईट असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. ल पाकळीचा आणि श देठाचा, मराठी माणसाच्या डोळ्याला सवय असलेला, सरकारच्या नोव्हेंबर 2009 च्या निर्णयातही हेच धरलंय. त्यात बोल्ड नाही पण, त्यामुळं हेडिंगला दुसरा फॉन्ट शोधावा लागतो.

एक गोष्ट कुठल्याच इंग्रजी ट्युटोरियलमधे सांगत नाहीत, रेडीमेड थीममधे हेडिंगच्या अक्षरांमधे जागा सोडलेली असते, इंग्रजीत ते स्टायलिश दिसतंय, मराठीत शिरोरेषा तुटून सगळी अक्षरं वेगवेगळी लटकतात. ते आधी शून्य करा. आणि ओळींमधलं अंतर 1.6 च्या पुढं ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर चढतो.

बाकीचं पटपट सांगतो. पेजस्पीड इनसाइट्स हे गुगलचं तपासणीचं टूल, मधल्या दर्जाचा मोबाईल आणि स्लो नेट धरून साईट किती वेळात दिसते ते सांगतंय. मुख्य गोष्ट अडीच सेकंदात दिसली पाहिजे हा त्यांचा निकष. मला त्याचा खरा फायदा वेगळाच झाला, 90 च्या वर गेलं की गोल हिरवा होतो, त्याचा स्क्रीनशॉट क्लायंटला पाठवला की तो कसली तांत्रिक चर्चा न करता उरलेले पैसे देतो. शेजारच्या दुकानाच्या साईटचा लाल गोलही पाठवला तर अजून लवकर देतो, पण हे मी शिकवलं म्हणून सांगू नका.

बिलासाठी झोहो इनव्हॉइस. 2021 पासून फुकट केलंय, नियमित बिलं आणि आठवणीचे ईमेल आपोआप जातात. आमच्यासारख्या सर्व्हिस देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला 20 लाखांच्या आत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा साधं बिल पुरतं, पुढं नंबर घेतला तरी सोय आहेच. आठवणीचे ईमेल मात्र इथं कोण वाचत नाही. पीडीएफ काढायची, व्हॉट्सपवर टाकायची, खाली यूपीआयचा क्यूआर आणि "शेठ तेवढं बघा" एवढंच लिहायचं, ह्याला पर्याय असलेलं टूल अजून यायचंय.

फिग्मा ह्या डिझाईन मांडायच्या टूलबद्दल लोक खवळतील पण माझ्या कामात ते अर्धं वायाच जातंय. टूल म्हणून उत्तम आहे, फुकट प्लॅनमधे एकट्याचं भागतंय. पण लिंक पाठवली तर क्लायंट उघडत नाही, उघडली तर लॉगिन मागतंय म्हणून फोन येतो, आणि दिसली तरी मोबाईलवर चिमटीनं मोठं करत बसतात. मी फक्त होमपेज त्यात करतो, इमेज काढून पाठवतो आणि बाकी सरळ वर्डप्रेसमधेच बांधतो.

पैसे कशाला द्यायचे तर डोमेन आणि होस्टिंगला, तिथं कंजुषी नको. आणि ते क्लायंटच्या नावानं, क्लायंटच्या ईमेलवर घ्या. एका होस्टिंग कंपनीनं, नाव नाही घेत, पहिल्या वर्षी इतकं स्वस्त दिलं आणि रिन्यूअलला जवळपास तिप्पट लावलं, वर एसएसएलचे (साईट सुरक्षित दाखवणाऱ्या सर्टिफिकेटचे) वेगळे पैसे, जे लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देतीय. तेव्हा घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघूच नका, रिन्यूअलचा बघा आणि एसएसएल त्यात धरलंय का ते चॅटवर लिहून घ्या.

राहिली फोटोपीची जाहिरातीची पट्टी. चौदा इंची लॅपटॉपवर ती चांगलीच जागा खाते, प्रीमियम घेतलं की जाते आणि भाव काही फार नाही. आठवड्यातनं एखादा लोगो साफ करत असाल तर फुकटच चालू द्या, रोज तासभर बसत असाल तर घेऊन टाका.