शिवण पक्की, पण जनरल ग्रँटची पानं मागेपुढे

नागपूरच्या महालातलं बाइंडिंगचं दुकान. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण थोडी तक्रार आहे.

मी आस्थापना शाखेतून निवृत्त झालो. जन्म शिफारसपत्रं वाचण्यात गेला, म्हणून आता छंदही तोच: अमेरिकेच्या यादवी युद्धात स्वयंसेवक रेजिमेंटवर कर्नल म्हणून कोणाची वर्णी कशी लागली. 1861च्या एप्रिलात लिंकनने 75,000 माणसं मागितली. रेजिमेंटचे अधिकारी नेमायचे राज्याच्या गव्हर्नरने, म्हणजे वशिलेवाल्यांची रांग त्याच्या दारात. वाचायला अगदी घरच्यासारखं वाटतं.

या नेमणुकांच्या कागदांचे प्रिंटआउट दोन खंडांत बांधायला दिले. काम मजबूत. नुसतं गोंदावर भागवलं नाही, दोऱ्याने शिवलंय. पाठीला कापड, वर मरून रेक्झिन. जाड खंड हातात धरून हलवला, एक पान सुटलं नाही. साडेतीनशे रुपयांत आणखी काय हवं?

पण डावीकडच्या समासात पेन्सिलीने केलेले माझे शेरे शिवणीत गडप झाले. त्यात युलिसिस ग्रँटची (पुढे उत्तरेचा सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष झाला तो) पानं उलटसुलट. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेला हा माणूस युद्ध सुरू होईपर्यंत बापाच्या चामड्याच्या दुकानात बसायचा. 24 मे 1861ला त्याने वॉशिंग्टनला पत्र लिहिलं, की रेजिमेंट सांभाळायची माझी लायकी आहे. उत्तर आलंच नाही. जूनमध्ये इलिनॉयचे गव्हर्नर येट्स यांनी त्याला 21व्या इलिनॉय रेजिमेंटचा कर्नल केलं. माझ्या खंडात मात्र नेमणूक आधी, अर्ज नंतर! (आमच्या शाखेतही असं व्हायचं, पण तिथे ते चुकून नसायचं.)

दुकानात जाऊन दाखवलं, तर पोरगा म्हणतो, "पानं तं सगळे आहेत ना काका?" आहेत बाप्पा. रागवावं तरी कसं? ग्रँटचं ते पत्र खुद्द युद्धखात्यातही रीतसर फाइलला लागलेलं नव्हतं. युद्धानंतर शोधलं तेव्हा सापडेना, आणि पुढे कागद आवरताना कुठूनतरी निघालं.

खंड उसवून परत शिवायचे शंभर रुपये मागितले. ऐंशीवर तुटलं. तुम्ही जाल तर पानांवर आकडे आधीच घाला, अन् डावीकडे दोन बोटं जागा सोडा. शनिवारी देतो म्हणालेत खंड; दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं.