जागा संपली: हार्ड डिस्क घ्यायची, एसएसडी घ्यायची, की लॅपटॉपच उघडायचा?

‘एखादी चांगली एक्स्टर्नल डिस्क सांग ना’ असं कुणी म्हणालं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: जागा कमी पडतेय की लॅपटॉप रखडतोय? उत्तर बहुतेक वेळा ‘दोन्ही’ असं येतं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत. बाहेर चार टीबी टांगले तरी आतली जुनी फिरणारी डिस्क तितकीच कण्हत राहते.

निदान पाच मिनिटांत होतं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर जा. विंडोज ११ मध्ये डिस्कच्या नावाखालीच ती एचडीडी (फिरणारी हार्ड डिस्क) आहे की एसएसडी (डेटा चिपवर ठेवणारी) हे लिहिलेलं असतं. आता तुमचं रोजचं काम सुरू करा. डिस्क १०० टक्क्यांना चिकटलीय आणि प्रोसेसर १०-१५ टक्क्यांवर जांभया देतोय, तर चोर सापडला. रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर मात्र आधी रॅमचं बघा, कारण रॅम संपली की विंडोज डिस्कवरच तात्पुरती जागा करून काम भागवतं आणि डिस्क फुकट बदनाम होते. दोन्ही निवांत आहेत आणि फक्त जागाच उरली नाही, तर बाहेरची डिस्क घ्यायला हरकत नाही.

म्हणजे पर्याय तीन. खिशात मावणारी फिरती हार्ड डिस्क, पोर्टेबल एसएसडी, किंवा लॅपटॉपच्या आत एसएसडी बसवून निघालेली जुनी डिस्क एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीच्या डबीत घालून बाहेरची म्हणून वापरणं. पेनड्राइव्ह मी मोजलेला नाही. फाइल इकडून तिकडे न्यायला तो ठीक आहे, साठवून ठेवायला नाही.

वेग: खोक्यावरचा आणि हातातला

१०० जीबीचं एक फोल्डर घ्या, आत मोठ्या व्हिडिओ फाइल. अडीच इंची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १२० एमबी लिहिते असं धरलं तर १४ मिनिटं लागतात. १० गिगाबिटच्या पोर्टवर चांगली एसएसडी सेकंदाला १,००० एमबीच्या आसपास जाते, तिला दोन मिनिटंही लागत नाहीत. फरक मोठा आहे, पण रात्री बॅकअप लावून झोपणाऱ्याला त्याचं काय सोयरसुतक?

खरी गंमत बारीक फाइलींत आहे. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची डिस्क एक फेरी ११ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी वाट बघावी लागते, त्यात टोक योग्य जागी सरकायला लागणारा वेळ वेगळा. म्हणून विखुरलेल्या बारीक तुकड्यांचं काम आलं की हीच १२० एमबीची डिस्क सेकंदाला एक एमबीसुद्धा धड देत नाही. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, हजारो छोट्या फोटोंची यादी दिसणं हे सगळं या बारीक कामात मोडतं. लॅपटॉप ‘मंद’ वाटतो तो यामुळे, खोक्यावर ठळक छापलेल्या आकड्यामुळे नव्हे.

हार्ड डिस्क घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, जी खोक्यावर सहसा छापलेली नसते. अडीच इंची, जास्त क्षमतेच्या बहुतेक डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यात डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसंच इथे होतं. एकदा भरून ठेवलेला डेटा वाचायला काहीच त्रास नाही. पण सतत बदलणाऱ्या फाइली, व्हिडिओ एडिटिंगचे प्रोजेक्ट, व्हर्च्युअल मशीन असलं काही तिच्यावर चालवलंत तर मधेच ती अक्षरशः थबकते.

एसएसडीवाल्यांनी लगेच हसू नये. स्वस्त एसएसडीत क्यूएलसी चिप असतात, म्हणजे एका पेशीत चार बिट कोंबलेले. त्यांच्या पुढ्यात एक वेगवान तात्पुरता भाग ठेवलेला असतो आणि जाहिरातीतला वेग त्या भागाचा असतो. तो भरला की काही ड्राइव्ह थेट हार्ड डिस्कच्या पातळीवर उतरतात. दिवसाला चार-पाच जीबी लिहिणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. एका बैठकीत ३०० जीबी चित्रीकरण उतरवणाऱ्याने मात्र टीएलसीच, म्हणजे पेशीत तीनच बिट असलेली घ्यावी.

घोडं अडतं ते पोर्ट आणि केबलपाशी

यूएसबीच्या नामकरणाइतका घोळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० चं पुढे ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं, आणि तिन्ही नावांचा वेग एकच: सेकंदाला ५ गिगाबिट. त्यामुळे ‘३.२ आहे’ एवढ्यावर खूश होऊ नका, गिगाबिटचा आकडा शोधा. ५ च्या पोर्टवर प्रत्यक्षात ४०० ते ४५० एमबी मिळतात, १० वर हजारच्या आसपास. २० गिगाबिटची, म्हणजे जेन २ बाय २ ची एसएसडी मी सहसा सुचवत नाही, कारण तो पोर्ट फारच थोड्या लॅपटॉपवर असतो आणि बाकी ठिकाणी ती गपगुमान १० वर चालते. पैसे मात्र २० चे गेलेले असतात.

जुन्या लॅपटॉपला फक्त यूएसबी २.० असेल तर वाद तिथेच मिटतो. ४८० मेगाबिट म्हणजे प्रत्यक्षात ३५-४० एमबी. वरचंच १०० जीबीचं फोल्डर तिथे पाऊण तास घेतं, मग डिस्क कुठलीही असो.

आणि केबल! नव्या एसएसडीला मी एक अख्खी संध्याकाळ शिव्या घातल्या होत्या. वेग ४० एमबीवर हलेना. पोर्ट बदलला, फॉरमॅट केली, लॅपटॉप दोनदा रीस्टार्ट केला. शेवटी कळलं की टेबलावर पडलेली फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल मी जोडली होती. टाइप-सी हा फक्त टोकाचा आकार आहे. चार्जिंगच्या बऱ्याच केबल डेटासाठी आत यूएसबी २.० च्याच असतात. डिस्कसोबत आलेली केबल डिस्कसोबतच ठेवा.

टिकाऊपणात कोण पुढे?

इथे एकतर्फी निकाल देता येत नाही. चालू असताना टेबलावरून पडली तर हार्ड डिस्क बहुधा जाते, एसएसडी बहुधा वाचते. पण हार्ड डिस्क जाताना अनेकदा आधी कुरकुर करते, टकटक वाजते, अडखळते, आणि डेटा काढायला संधी देते. एसएसडी काल ठणठणीत आणि आज दिसतच नाही, असंही होतं. तिच्यावरून पुसलेल्या फाइली परत मिळवणंही अवघड, कारण ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा आतून खरोखरच साफ करते.

कपाटात वर्षानुवर्षं ठेवायचं असेल तर मी हार्ड डिस्ककडे झुकतो. एसएसडीत डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू ओसरतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेविना निदान एक वर्ष डेटा राखला पाहिजे. नवी एसएसडी त्याहून बराच काळ राखते, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही, पण ती जोडायचीच विसरून जाण्याइतकी बेफिकिरीही नको.

लॅपटॉप उघडण्याचा मार्ग

आत अजून फिरणारी डिस्क असेल तर तिन्हींत माझं मत या पर्यायाला. साटा पद्धतीची, म्हणजे जुन्या डिस्कच्याच जोडणीवर बसणारी एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या वर जात नाही. कागदावर ती बाहेरच्या झगमगीत एसएसडीपेक्षा मागेच दिसते, पण विंडोज आणि प्रोग्राम तिच्यावर बसलेले असल्याने फायदा प्रत्येक क्लिकला मिळतो. वर जुनी डिस्क फुकटात बॅकअपला मिळते.

उघडण्याआधी आत कुठली जागा आहे हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. अडीच इंची खण असेल तर सोपं. एम.२, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच असेल तर ती साटाची आहे की त्याहून वेगवान एनव्हीएमईची, आणि लांबी किती मावते हे दोन्ही तपासा. २२८० म्हणजे रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८०. काही लॅपटॉपमध्ये २२४२ किंवा २२३० च बसते. काही पातळ मॉडेलांत चिप बोर्डावरच डाग देऊन बसवलेल्या असतात, तिथे हा मार्ग बंद. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. नंतर शोधायला गेलात तर वरातीमागून घोडं.

जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर क्लोन केली तर ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला एकेक उपकरण चालवायला शिकवणाऱ्या प्रोग्रामचा, प्रश्नच येत नाही. मी कोऱ्या विंडोजचा पुरस्कर्ता आहे, पण त्यात एक सापळा आहे: विंडोज बसतं, वायफायचा ड्रायव्हर नसतो, आणि तो उतरवायला इंटरनेट लागतं. म्हणून जुनी डिस्क काढण्याआधीच पीएनपीयूटिल या विंडोजमधल्याच आज्ञेने सगळे बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरात काढून पेनड्राइव्हवर ठेवा. विसरलात तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून टेदरिंग करा, तेवढ्यापुरतं इंटरनेट बहुतेकदा लगेच मिळतं.

पुढचा क्रम असा ठेवा: आधी विंडोज अपडेट, त्यातले ऐच्छिक अपडेटही. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर नेमका मॉडेल क्रमांक टाकून उरलेले. तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह राहिलंच, तर त्या उपकरणाच्या तपशिलात हार्डवेअर आयडी बघा. त्यातला पहिला चार अक्षरी कोड बनवणाऱ्याचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रियलटेक. दुसरा कोड नेमक्या चिपचा. हे दोन्ही शोधयंत्रात टाकले की ‘अज्ञात उपकरणा’चं नाव कळतं. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ म्हणणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नका. चुकीचा ड्रायव्हर बसवण्यापेक्षा जुना चालू असलेला बरा.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर विंडोज बसवताना डिस्कची यादी रिकामी दिसते. डिस्क बिघडलेली नसते, व्हीएमडी ही डिस्क हाताळणारी इंटेलची सोय चालू असल्यामुळे ती इन्स्टॉलरला दिसत नाही. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून लोड केला की ती हजर होते.

बाहेरच्या डिस्कला मात्र ड्रायव्हर लागत नाही, तो विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये आधीच असतो. नवी डिस्क दिसत नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, बहुधा तिला अक्षर मिळालेलं नसतं किंवा फॉरमॅट झालेलं नसतं. जुनी, डेटा असलेली डिस्क ‘इनिशियलाइझ करू का?’ असं विचारत असेल तर हो म्हणू नका. अडीच इंची हार्ड डिस्क नुसतीच टिकटिक करत असेल तर तिला वीज पुरत नसावी: यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००.

फॉरमॅट कुठला? फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही नसते, म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ न करता केबल ओढायची सवय तिथे महाग पडते. फॅट३२ विसरा, त्यात ४ जीबीची एक फाइलही मावत नाही.

घेतल्यावर १ टीबीऐवजी ९३१ जीबी दिसले तर फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. अंगठ्याएवढ्या डब्यात कुणी १६ टीबी देऊ करत असेल तर ती मात्र फसवणूकच. अशा डिस्क आपली क्षमता खोटी सांगतात आणि जागा भरली की जुन्या डेटावरच लिहीत सुटतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री ही फुकट साधनं डिस्क पूर्ण भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून पडताळतात. चार टीबीच्या हार्ड डिस्कला यात रात्र आणि वर अर्धा दिवस सहज जातो, म्हणून परत करण्याची मुदत चालू असतानाच, पहिल्या आठवड्यात हे लावून ठेवा.