अ‍ॅथलेटिक्सच्या मोठ्या स्पर्धेत काय असावं: फक्त सिनियर फायनल्स की सोबत ज्युनियर आणि शो पण?

पहिला पर्याय म्हणजे स्टेडियममध्ये फक्त टॉपचे अ‍ॅथलीट्स, बाकी काही नाही. १९८३ ला हेलसिंकीत वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली तेव्हापासून साधारण हेच चालत आलंय आणि खरं सांगायचं तर रेकॉर्ड होताना बघायला वेगळं काही लागत नाही, स्वीडनच्या ड्युप्लांटिसने टोकियोत २०२५ ला पोल व्हॉल्टमध्ये (बांबूच्या आधाराने उंच उडी) ६.३० मीटर मारली तेव्हा सगळं स्टेडियम तिकडेच बघत होतं.

दुसरा पर्याय, ज्युनियर रेस आणि लाइट शो, म्युझिक वगैरे. यातल्या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटतात. ज्युनियर रेस हव्यातच! वर्ल्ड क्रॉस कंट्रीत (ट्रॅकऐवजी मोकळ्या माळरानावर पळायची स्पर्धा) अंडर-२० आणि सिनियर एकाच दिवशी, एकाच कोर्सवर पळतात, म्हणजे पोरांना आपल्या हिरोंना अगदी जवळून बघता येतं. अंडर-१८ वर्ल्ड चॅम्पियनशिप तर २०१७ च्या नैरोबीनंतर बंदच झाली, मग या वयाच्या मुलांना मोठं स्टेज मिळणार कुठे? अख्खी स्पर्धा नको, सेशनच्या सुरुवातीला एक-दोन रिले ठेवल्या तरी पुरे.

शोबद्दल मात्र मी सावध आहे. दोहाला २०१९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १०० मीटर फायनलआधी लाइट्स बंद करून शो केला, ते ठीक, कारण रेस अजून सुरूच झाली नव्हती. पण ट्रॅकवर गाणी चालू असताना तिकडे हाय जंपवाला तिसऱ्या अटेम्प्टला उभा असतो त्याचं काय, त्याला लय पकडायची असते, टाळ्या हव्या असतील तर तो स्वतः मागतो की!